सनद आणि श्रवण

‘सनद’ हा शब्द मराठीला परका नाही. इनामाची सनद, वकिलीची सनद असे प्रयोग आपण सहज करतो आणि अधिकार देणारा कागद एवढाच अर्थ मनात धरतो. अरबीत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ आधार, टेकू असा आहे. इस्लामी विद्यापरंपरेत सनद म्हणजे गुरूंची साखळी : मी हे अमुकांकडून ऐकले, त्यांनी तमुकांकडून. कुराणपठण शिकणारा विद्यार्थी संपूर्ण पाठ गुरूला म्हणून दाखवतो आणि समाधान झाल्यावर गुरू त्याला ‘इजाजत’, म्हणजे पुढे शिकवण्याची अनुमती, देतो. येथे विद्येचा व्यवहार मुख्यतः कानाचा आहे. डिजिटल साधने मदरशात आल्यावर या श्रवणाचे काय होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

ही परंपरा नव्या साधनांपुढे केवळ अडून बसली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने ठरावीक अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा आणि लोकवर्गणी यांचा अंगीकार केला. १९२४ मध्ये कैरो येथे छापलेल्या कुराणाच्या प्रतीमुळे हफ्स यांच्या वाचनपरंपरेचा प्रसार वाढला. १९६१ मध्ये इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातील संपूर्ण पाठ ध्वनिमुद्रित झाला.

ध्वनिमुद्रिकेने दूरच्या खेड्यातील मुलाला उत्तम उच्चार ऐकवला. मुलाचा उच्चार ऐकण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. शिक्षणाचे हे तुटलेले अर्धे अंग आंतरजालावरील थेट संभाषणाने पुन्हा जोडले गेले. आज परदेशातील शिक्षक विद्यार्थ्याला चुकल्या जागी थांबवू शकतो. ज्या स्त्रियांना किंवा एकाकी वस्तीतील मुलांना गुरूचे दार दूर होते, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. एका चटईवर बसण्यालाच पावित्र्य मानून त्यांना वगळणे न्याय्य ठरणार नाही.

यापुढची पायरी अधिक अवघड आहे. पाठ ऐकून चूक दाखवणाऱ्या संगणकप्रणाली आता उपलब्ध आहेत. त्या थकत नाहीत, रागावत नाहीत. मग त्यांनी सनद द्यावी काय? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण त्यांच्या अचूकतेविषयीची शंका हे नव्हे. इजाजत देणारा गुरू शिष्याच्या नावामागे आपले नाव ठेवतो. उद्या शिष्याने चुकीचे शिकवले तर त्याचा काही भार गुरूवर येतो. यंत्र चूक दाखवू शकते. तो भार त्याच्यावर टाकता येत नाही.

फतव्याच्या बाबतीतही हेच दिसते. देवबंदचा इफ्ता विभाग आज आंतरजालावरूनही प्रश्नांना उत्तरे देतो. परंतु फतवा मुळात एका प्रश्नकर्त्याच्या परिस्थितीला दिलेले उत्तर असतो. तोच शोधयंत्रातून सहस्रावधींच्या हाती पडतो तेव्हा परिस्थिती गळून पडते आणि तिच्याजागी नियम उरतो. उत्तर देणाऱ्याने न पाहिलेल्या माणसांना तो लागू होतो.

म्हणून साधन जुने की नवे, या वादात फारसे हशील नाही. शिकवलेले चुकले तर कोणाच्या दारी जावयाचे, याचे उत्तर जोवर विद्यार्थ्याला देता येते, तोवर साखळी अभंग आहे; मग गुरू समोर असो वा समुद्रापलीकडे.