शहरात उरलेले तारे

वडिलांच्या निधनाला तीन वर्षे झालेल्या एका तरुणाने मला विचारले, "इमामसाहेब, रात्री गच्चीवर जाऊन तारे पाहिले की मनाला सुकून मिळतो. नमाजमध्ये तो प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. हे गैर आहे का? आणि आमच्या वस्तीतून तारे तरी कितीसे दिसतात!"

हजरत इब्ने अब्बास (रजि.) लहानपणी एकदा मावशी हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी मुक्कामी होते. सहीह बुखारीत त्यांचे कथन आहे की, रात्रीच्या अखेरच्या प्रहरी प्रेषित मुहम्मद (स.) उठून बसले, त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि सूरह आले-इमरानमधील आकाश व पृथ्वीच्या निर्मितीविषयीची आयत म्हटली. त्यानंतर वुजू आणि मग नमाज. दृष्टी आधी वर गेली, कपाळ नंतर जमिनीला टेकले. म्हणून त्या तरुणाचा सुकून नमाजचा प्रतिस्पर्धी नव्हे. त्याने गच्चीवरून मुसल्ल्यापर्यंत यावे, एवढेच.

राहिला ताऱ्यांचा प्रश्न. अंधाऱ्या माळरानावरून नुसत्या डोळ्यांना दोनेक हजार तारे दिसतात. शहरात दिव्यांचा उजेड धुळीत व बाष्पात पसरतो आणि त्यांतले बहुतेक झाकून टाकतो. (इशानंतर मशिदीला कुलूप लागते, तरी मिनारांवरचे झोत पहाटेपर्यंत जळत राहतात. हा इस्राफ नव्हे तर काय?) तरीही व्याध झाकला जात नाही. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. अरबीत त्याला शिअरा म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तहज्जुदच्या वेळी तो दक्षिणेकडे ठळक दिसतो. अरबांपैकी काही लोक त्याची पूजा करीत. सूरह अन्-नज्ममध्ये त्याचे नाव येते ते अल्लाह त्याचाही रब आहे, हे सांगण्यासाठी.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे आज दिसणारा किरण तेथून निघाला तेव्हा त्या तरुणाचे वडील हयात होते. हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग मी त्याला सांगितले, की त्या किरणात वडिलांचे काहीही नाही, आणि तो तारा आपले दुःख जाणतही नाही. मृताला लाभ होतो तो नेक संततीच्या दुआचा, असे हदीसमध्ये आहे. तारा पाहून वडिलांची आठवण आली, तर तेथेच, गच्चीवर उभ्या उभ्या, त्यांच्यासाठी मगफिरत मागावी.