सोडायलाही शक्ती लागते

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसेच्या काठी सापगाव लागतं. अशा गावात घरात कुणी वारलं की रडारडीतही एखादी जाणती बाई पुढे होते. डोळे मिटते, हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारते, हातपाय सरळ करते, पायांचे अंगठे एकत्र बांधते. मुंबईची माणसं कसारा लोकलने आसनगावला उतरून घरी पोचेपर्यंत तीन-चार तास सहज जातात. तोवर जबडा उघडा राहिला तर तो मग मिटता मिटत नाही, हे तिने आधीच्या बायकांकडून घेतलेलं असतं.

तिच्या या घाईमागचं कारण सापडायला शास्त्राला शंभरावर वर्षं लागली, आणि मधली चुकलेली उत्तरंही मला तितकीच वाचनीय वाटतात. १८११ साली पॅरिसच्या पिएर निस्तनने ताठरण्याचा क्रम नोंदवला: आधी जबडा, मग मान, मग खाली हातपाय. बाई फडकं आधी हनुवटीला का बांधते ते इथे कळतं. निस्तनला ही जीवाची शेवटची धडपड वाटली. पुढे जर्मनीच्या विल्हेल्म क्यूनेने सांगितलं की धडपड वगैरे काही नाही, रक्त गोठतं तसा स्नायूतला रस गोठतो. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी ऑक्सिजन तुटलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठताना मोजलं, आणि संशय आम्लावर गेला. धडपड, गोठणं, आंबणं. तिन्ही वेळा शोध चालला होता तो मेल्यावर देहात नवं काय घडतं याचाच.

खरी गोष्ट उलटी निघाली. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि त्याच वर्षी हार्वर्डमध्ये फिस्के व आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना स्नायूत एटीपी हे ऊर्जा पुरवणारं द्रव्य सापडलं. १९४० च्या दशकात हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की एटीपी जसजसं उतरतं तसतसा स्नायू ताठरतो. स्नायूतले मायोसिनचे धागे ॲक्टिनच्या धाग्यांना पकडतात, आणि ती पकड सुटायला दर वेळी नवं एटीपी लागतं. श्वास थांबल्यावरही स्नायू साठवलेल्या ग्लायकोजेनवर काही वेळ ते बनवत राहतात. साठा संपला की धरलेलं धरलेलंच राहतं. आपण समजतो की धरायला बळ लागतं आणि सोडणं फुकट असतं. स्नायूचा हिशेब तसा नाही, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

मग बाकीचं आपसूक उलगडतं. झटके येऊन किंवा धावून दमून मेलेला माणूस लवकर ताठरतो, कारण त्याचा साठा आधीच खर्ची पडलेला असतो. उन्हाळ्यात सगळंच भराभर होतं. युरोपातली वेळापत्रकं आपल्याकडे लागू पडेनात, म्हणून जयसिंग मोदींच्या १९२० पासून निघत आलेल्या न्यायवैद्यक ग्रंथाला इथल्या नोंदी द्याव्या लागल्या: ताठरता एक-दोन तासांतच सुरू, आणि उत्तर भारतात तिचा मुक्काम थंडीत २४ ते ४८ तास, उन्हाळ्यात १८ ते ३६.

गंमत अशी की या रसायनाचा बारीक अभ्यास झाला तो बराचसा मटणासाठी. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी दाखवलं की ताठरण्याआधीच थंड केलेलं मांस आखडून चिवट होतं. निर्यातीच्या धंद्याला ते कळणं गरजेचं होतं. आपल्याकडे बोकड कापल्यावर तासाभरात चुलीवर चढतो, म्हणून हा प्रश्न गावाला कधी पडला नाही.

पुढे ताठरलेला देह पुन्हा सैल होतो तो एटीपी परत आल्यामुळे नव्हे. पेशींतली विकरं धागेच तोडू लागतात. अशी विकरं भरलेल्या पिशव्या, म्हणजे लायसोसोम, क्रिस्तियां द द्यूव यांनी १९५५ मध्ये जगापुढे आणल्या. आतड्यातल्या जिवाणूंचं काम एव्हाना सुरू झालेलं असतंच.

मरण एका क्षणी सगळ्या देहाला येतं, या समजुतीला धक्का मात्र फार आधी बसला होता. १८५५ मध्ये क्लोद बर्नारने नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचं यकृत पाण्याच्या धारेने साखरेचा मागमूस पुरता जाईपर्यंत धुतलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती. कुत्रा मेला होता, यकृताचं काम चालू होतं. आज नेत्रदान मरणानंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं असं सांगतात ते याच जोरावर: माणूस गेल्यावरही त्याचं पारपटल काही काळ उपयोगी राहतं. सापगावात पाहुण्यांची वाट बघण्यात जातात ते हेच तास.

२०१९ मध्ये येल विद्यापीठात नेनाद शेस्तान यांच्या गटाने कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंत, मरणानंतर चार तासांनी, एक खास द्रावण फिरवलं. पेशी पुन्हा साखर आणि ऑक्सिजन वापरू लागल्या. जाणिवेची म्हणता येईल अशी विद्युतलहर उमटली नाही, पण उमटलीच तर तत्काळ थांबवता यावी म्हणून संशोधकांनी भूल तयार ठेवली होती.