किनाऱ्यावरचा पाहुणा



नागावचा पीरवाडी किनारा पूर्वी कसा होता, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. पुळण, ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी, एवढेच ते सांगतील. बाहेरचा माणूस दिसलाच तर तो पीराच्या दर्ग्याला आलेला भाविक असायचा. मुंबई पाण्यापलीकडेच, पण तिथे जायचे तर मोरा बंदरातून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरायचे, नाहीतर पनवेलवरून मोठा वळसा घ्यायचा.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेचेही. जवळजवळ बावीस किलोमीटरच्या त्या पुलाने मुंबई आपल्या दाराशी आणून ठेवली. आता शनिवार-रविवारी किनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

याचा आपल्याला आनंदच आहे. कोणी चहा-भजीची टपरी टाकली, कोणी घरगुती जेवण देऊ लागले, तर कोणी खोल्या भाड्याने दिल्या. जिथे मासळी कमी झाली तिथे चूल पेटती राहिली. पण आपली गाऱ्हाणीही खरी आहेत. वाळूत फुटक्या बाटल्या सापडतात, रात्री मोठ्याने गाणी लागतात आणि जाळी वाळवायला जागा उरत नाही.

ही गाऱ्हाणी सांगताना आपण आपल्याकडेही पाहायला हवे. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आपण काहीजण घरी आलो. पावसाची सर आली म्हणून एक अनोळखी कुटुंब ओसरीखाली उभे राहिले. आईच्या कडेवर लहान मूल होते. आपण आतूनच ओरडलो, "इथे थांबू नका!" आदल्या रविवारी कोणीतरी अंगणात बाटल्या फोडल्या होत्या, तो राग त्या लेकरावर निघाला. तासाभरापूर्वी याच हातांनी आपण देवळात एकमेकांना शांती दिली होती.

योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात असाच एक किनारा आहे. शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाती परतत होते. पहाटे किनाऱ्यावर कोणी उभा होता. त्यांनी त्याला ओळखले नाही. त्याच्या सांगण्यावरून जाळे टाकले तेव्हा ते भरले. काठावर येऊन पाहतात तो निखारे पेटलेले, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. पुनरुत्थित प्रभूने स्वतः न्याहारी तयार ठेवली होती. तरीही त्याने त्यांना पकडलेली थोडी मासळी आणायला सांगितले.

किनाऱ्यावर कसे वागावे, हे इथे शिकावे. अनोळखी माणसात प्रभू असू शकतो, म्हणून आधी त्याचे स्वागत करावे. आणि पाहुण्यालाही त्याचा वाटा उचलायला सांगावे. कचरा परत घेऊन जा, गावाची झोप मोडू नका, असे गोड शब्दांत सांगणे हा पाहुणचाराचाच भाग आहे.

पण पाहुणचार म्हणजे सगळेच विकून टाकणे नव्हे. अहाब राजाने नाबोथाकडे द्राक्षमळा मागितला; बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला आणि त्यासाठी त्याला जीव गमवावा लागला. जमिनीचे मोल आपल्या तालुक्याला कोणी शिकवायला नको. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरासाठी शेवा कोळीवाड्याला गावच सोडावे लागले. तेव्हा जमीन घ्यायला सरकार आले होते. आज दलाल येतो, ओसरीवर बसतो, आणि पुष्कळदा कागद आपणच पुढे करतो. त्या पैशाने गाडी येते. पुढे आपलाच मुलगा आपल्याच जुन्या वाडीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो.

म्हणून या आठवड्यात काही गोष्टी ठरवू या. टपरीवर दराची पाटी लावू. गर्दी पाहून भाव वाढवणार नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना कोणी पाण्यात उतरत असेल तर धंदा बाजूला ठेवून त्याला थांबवू. तो कोणाचा तरी मुलगा आहे. रविवारी मिस्सा आधी, टपरी नंतर. आणि जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आई, बहिणी आणि मुलांना एकत्र बसवून विचारू, घरात प्रार्थना करू.

हे प्रभो, तू किनाऱ्यावर निखारे पेटवून आमची वाट पाहिलीस. आमच्या ओसरीवर येणाऱ्यात तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे, आणि वाडवडिलांनी सोपवलेली ही माती सांभाळण्याचे बळ दे. आमेन.