आच

साधकहो, आज एकच शब्द हाती घेऊ : आच. संस्कृतात अर्चिस् म्हणजे ज्वाला. तोच शब्द झिजत झिजत आपल्या चुलीपाशी येऊन बसला आणि आच झाला. ‘लेकरांना आच लागू दिली नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ती आच म्हणजे संकट असते, आणि पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला भेटीची आच लागली म्हणतो तेव्हा तीच आच ओढ होते. भाजणे आणि ओढणे हे दोन्ही भार एका शब्दाने कसे पेलले, याचा उलगडा मला पोथीइतकाच ॲल्युमिनियमच्या भट्टीपाशी झाला, म्हणून आजचे निरूपण भट्टीचे.

हा धातू स्वभावाने मृदू; लोखंडाला वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात, याला ६६० पुरतात. पण शुद्ध ॲल्युमिनियम तापवताना काटा चढत चढत ६६० वर येतो आणि तिथेच थबकतो. भट्टी आच देतच असते, धातू ती पीतच असतो, तरी एका अंशाचीही वाढ दिसत नाही, कारण ती सारी आच आता कणाकणांची बांधणी सोडवण्यात खर्ची पडत असते. थंड धातूचा पूर्ण द्रव होईपर्यंत जेवढी उष्णता लागते, तिचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग या स्तब्धतेतच जातो. आपली उपासना पुढे सरकत नाही असे ज्याला वाटते, त्याने हा थबकलेला काटा आठवावा.

आता ही आच धातूपर्यंत पोचवायची कशी? सर्वांत जुना मार्ग मुशीचा. ग्राफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूस, बाहेरून ज्वाळा, आत धातू, आणि मध्ये भिंत. या भिंतीचे मोल मोठे आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते, तिच्यातला हायड्रोजन द्रव ॲल्युमिनियम अधाशासारखा शोषून घेतो आणि थिजताना सोडून देतो; मग वरून घट्ट दिसणाऱ्या ओतीव भागाच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. मूस उष्णता आत येऊ देते आणि ज्वाळेचा संसर्ग बाहेर थोपवते. आई लेकराला आच लागू देत नाही, ती अशी. ऊब तिला अडवायची नसते, अडवायची असते ती झळ.

पण धातू टनांनी वितळवायचा झाला की मूस अपुरी पडते, आणि तिथे रिव्हर्बरेटरी भट्टी येते. तिच्यात उथळ, विस्तीर्ण कुंडावरून ज्वाळा वाहतात, अग्निरोधक विटांचे छत व भिंती तापून लाल होतात आणि साठवलेली आच खाली धातूवर पाडतात. छताला स्वतःचा अग्नी नसतो. मिळालेलेच ते देत राहते, जसे कीर्तनाच्या मंडपात शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांतले पाणी पाहून आपलाही कंठ दाटतो. मात्र इथे ज्वाळा आणि धातू समोरासमोर असतात, त्यामुळे पृष्ठभाग जळून ड्रॉस, म्हणजे मळी, अधिक धरते. समुदायाची आच मोठी, तशी तिची मळीही मोठी.

तिसरा मार्ग इंडक्शन भट्टीचा. १८३१ साली फॅरडेने जे विद्युत्प्रवर्तन ओळखले, त्यावर ती चालते. तांब्याचे वेटोळे, त्याच्या पोटातून थंड पाणी फिरते, बाहेर ज्वाळेचा मागमूस नाही. वेटोळ्यातला प्रवाह क्षणोक्षणी दिशा पालटतो आणि त्याने धातूच्या अंगातच प्रवाह उठतात, धातू आपल्याच आत तापतो, आपल्याच आत ढवळला जातो. बाहेरून आलेली आच ती झळ, आतून उठलेली आच ती ओढ, आणि आपल्या शब्दाचे दोन अर्थ इथे एकमेकांना भेटतात. तरी इथेही बेत हवा. ढवळणे अति झाले तर वरची मळी मोडून द्रवात मिसळते.

टॉवर भट्टीत तर धुराड्याकडे निघालेले तप्त वायूच वर रचलेल्या गार लगडींना तापवून, सुकवून मग खाली धाडतात. ओली लगड द्रवात पडली तर पाण्याची वाफ होऊन स्फोट होतो. म्हणून जाणाऱ्याची आच येणाऱ्याला आधी कोरडे करते. परंपरेचे काम याहून वेगळे काय असते?

आणि मळी? ती ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची, आणि तिला वितळायला २०७२ अंश लागतात. म्हणजे या कोणत्याही भट्टीत ती वितळायची नाही. ती वर येते, आणि झाऱ्याने हलकेच काढावी लागते. आच मळ जाळीत नाही, तो दिसेल असा वर आणते, एवढेच. काढणे आपल्या हाती.

चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे भाग ओतणाऱ्या कारखान्यांत यंत्राशेजारी एक लहान भट्टी असते, होल्डिंग फर्नेस. ती वितळवीत नाही, वितळलेले राखते. जेवढी उष्णता निसटेल तेवढीच भरून काढते. पण तेवढ्यात हयगय होऊन धातू मुशीतच थिजला, तर पुन्हा तापवताना तो फुगतो आणि मुशीलाच तडा जातो. म्हणून साधकहो, रोजच्या नामस्मरणाला मी कधी लहान म्हणत नाही. लागलेली आच थिजू न देणे एवढेच त्याचे काम आहे, आणि ते रात्रपाळीलाही चालू ठेवावे लागते.