नवस बोलणारा मी, फेडणारा कोण?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक १६. इथे भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात. संकटात हाक मारणारा आर्त, जाणून घेऊ पाहणारा जिज्ञासू, काहीतरी मागणारा अर्थार्थी, आणि ज्ञानी.

इंजिनिअरिंगला असल्यापासून मी स्वतःला जिज्ञासू समजत आलो. देव म्हणजे निर्गुण, निराकार तत्त्व, एवढंच मला पटायचं. आई मात्र तुळजाभवानीला नवस बोलणारी. "देवाशी कसला सौदा करतेस?" असं मी तिला कितीदा तरी ऐकवलंय. ती हसून सोडून द्यायची.

मागच्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला. प्लेटलेट रोज खाली. तिसऱ्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो होतो. निराकार तत्त्व काही आठवलं नाही. तोंडातून निघालं, "आई भवानी, पोरगी घरी येऊ दे. तुझी ओटी भरायला सगळे येतो."

पोरगी घरी आली. आणि महिन्याभरात मला तर्क सुचू लागले. बरं तर डॉक्टरांनी केलं. निराकाराला खण-नारळाचं काय? घाबरलेल्या माणसाचा शब्द कशाला धरायचा? आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, देवीला साडीची कमी नाहीये. शब्द तुझा आहे."

ते लागलं. सातवा अध्याय पुन्हा उघडला. ज्ञानी भगवंतांना सर्वात प्रिय आहे, हे खरं. मागून मिळालेलं फळ नाशवंत असतं, हेही तेविसाव्या श्लोकात स्पष्ट आहे. पण सोळाव्यात चौघांनाही पुण्यवान म्हटलंय आणि अठराव्यात चौघांनाही उदार. आर्ताला रांगेतून बाहेर काढलेलं नाही. पुढे बाराव्या अध्यायात तर अव्यक्ताची वाट देहधारी माणसाला जास्त कष्टाची आहे, असंच सांगितलंय. ती वाट चाललो नाही, नुसती तिची नावं पाठ केली, हे मला त्या जिन्यात कळलं होतं.

मला वाटतं, हे चार भक्त म्हणजे चार वेगळी माणसं नसावीत. एकाच माणसावर या चार वेळा येतात. जिन्यातला आर्त मीच होतो. गरज सरल्यावर त्याला अडाणी ठरवलं, तर मी काही ज्ञानी होत नाही, नुसता कृतघ्न होतो. डॉक्टरांचं बिल भरलं म्हणून त्यांचे उपकार संपले का? मग ज्या नावाने त्या रात्री धीर दिला, त्याचे तरी कसे संपतील?

गेल्या रविवारी सगळे तुळजापूरला जाऊन आलो. आईने आणि बायकोने ओटी भरली. मला मूर्तीत निराकार वगैरे काही दिसलं नाही. पण हात जोडले तेव्हा ते खोटं वाटलं नाही. आईला यापुढे सौद्याबद्दल विचारणार नाही.

या चौघांपैकी तुम्ही आज कोण आहात? जरा बघा.

राम कृष्ण हरी.