पहिलेपणाचा हिशेब

इंदूरहून धारकडे निघाले की वाटेत बेटमा लागते. राजा भोजाचा 1020 सालचा ताम्रपट इथे मिळाला, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना या गावाचे नाव ठाऊक आहे. आता याच परिसरात, पीथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटर लांबीचा अंडाकृती ट्रॅक आहे. 2021 च्या जूनमध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा आशियातला सर्वांत लांब वेगवान ट्रॅक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तिथे वळणावरही ताशी 375 किलोमीटरचा वेग झेलण्याची सोय आहे.

वेगाचे वेड माळव्यातल्या मराठी मंडळींना नवे नाही. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्या ड्युसेनबर्ग, अल्फा रोमिओ, बेंटली या गाड्यांची चर्चा जुन्या गाड्यांचे जगभरातले शौकीन आजही करतात. पण गाडी आणि बाई हे शब्द शेजारी आले की आपल्याला आठवतो तो दसरा. सकाळी गाडी धुतली जाते, झेंडूची माळ चढते, घरची बाई हळदकुंकू वाहते, चाकाखाली लिंबू ठेवते. मग किल्ली पुरुषाच्या हाती जाते आणि पूजा करणारी शेजारच्या सीटवर जाऊन बसते.

पुण्याच्या डायना पुंडोले यांनी ही जागा बदलली. एकेकाळी त्या शाळेत शिकवत. 2018 मध्ये जेके टायरच्या महिलांसाठीच्या उपक्रमातून त्या शर्यतीत आल्या. ऑगस्ट 2024 मध्ये चेन्नईजवळच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर त्यांनी एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुरुषांबरोबर एकाच रांगेतून सुरू होणाऱ्या मोटार शर्यतींत राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. 

‘पहिली’ म्हटले की आपण टाळ्या वाजवतो. खरे तर हा शब्द धावणारीपेक्षा दाराबद्दल जास्त सांगतो. ते किती काळ बंद होते, हा त्यातला हिशेब असतो. फ्रान्सच्या कामी द्यु गास्त 1901 मध्ये पॅरिस–बर्लिन शर्यतीत धावल्या. 1903 च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत आपली गाडी थांबवून त्यांनी जखमी स्पर्धकाला मदत केली. पुढच्याच वर्षी बायकांना शर्यतीची मनाई झाली, कारण काय, तर बाईचा स्वभाव घाबरा! मारिया तेरेसा दे फिलिपिस यांनी 1958 मध्ये फॉर्म्युला वनचे दार उघडले. लेला लोम्बार्डी 1975 मध्ये स्पेनच्या शर्यतीत सहाव्या आल्या. शर्यत अर्ध्यावर थांबल्याने त्यांना गुणही अर्धाच मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदात गुण मिळवणारी महिला म्हणून आजही त्यांचेच एकटीचे नाव घ्यावे लागते. रॅलीत मिशेल मुतों यांनी 1981 मध्ये सान रेमो जिंकली आणि पुढच्या वर्षी त्या जागतिक अजिंक्यपदाच्या उपविजेत्या झाल्या. गाडीला चालवणाऱ्याची जात कळत नाही आणि लिंगही कळत नाही. तिला कळते ते ब्रेक कुठे दाबला, वळणाला चाक किती फिरवले आणि पेट्रोल कधी दिले एवढेच.

मग बायकांसाठी वेगळ्या शर्यती हव्यात कशाला? 2019 ला सुरू झालेली डब्ल्यू सिरीज 2022 मध्ये पैशाअभावी मध्येच थांबली, 2023 पासून एफवन अकॅडमी आली. ‘वेगळी रांग म्हणजे दुय्यम रांग’ असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. पुंडोले यांची वाट त्याला उत्तर देते. त्या आत आल्या महिलांच्या दारातून, जिंकल्या मात्र सगळ्यांच्या मैदानात. दार वेगळे चालेल, शेवटची रेघ एकच हवी.

अडते ते सरावाच्या तासांपाशी. हा खेळ गल्लीत खेळता येत नाही. टायर, इंधन, ट्रॅकचे भाडे, मेकॅनिक यांशिवाय एक फेरीही होत नाही. शर्यतीचे ट्रॅक देशात मोजकेच. पुण्याच्या मुलीला चेन्नई गाठायची तर हजारांहून अधिक किलोमीटर. बेटम्याच्या शेजारचा तो भव्य ट्रॅक मुख्यतः गाडी कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, खेळाडूंच्या रोजच्या सरावासाठी नाही. म्हणजे मुलीच्या पायापाशी पोहोचायच्या आधीच ॲक्सिलरेटर घरच्या ऐपतीवर आणि घरच्यांच्या मनावर अवलंबून असतो. ऐपत सगळ्यांच्या हातात नसते. मन मात्र असते.

आणि सुरुवात तर शर्यतीच्या ट्रॅकवर होतच नाही. ती होते गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, वय भरताच, घरच्याच जुन्या गाडीवर. तेव्हा यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ताटात पाकिटाबरोबर गाडीची किल्लीही ठेवा. शेजारी बसा, आणि तिचा पहिला गिअर खरखरला तरी तोंड उघडू नका.