विरळणी आणि खुडणी

घरच्या बागेत बियांपासून फुलझाडे लावणाऱ्यास दरवर्षी थंडीच्या तोंडावर एक लहानसा न्यायनिवाडा करावा लागतो. तो रोपांचा असला, तरी माणसांशी वागतानाही उपयोगी पडतो, म्हणून येथे मांडीत आहे.

अँटिर्‍हिनम, ज्याला पुष्कळजण डॉग फ्लॉवर म्हणतात, हे झाड मूळचे भूमध्यसागराच्या काठचे. फुलाचे गाल दोन बोटांनी दाबले की ते तोंड उघडते, म्हणून मुलांना त्याचे फार कौतुक. त्याचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे भरतात. पावसाळा सरल्यावर ते कोरड्या वाळूत मिसळून चाळलेल्या मातीवर पसरावे व हलकेच दाबावे. वर माती लोटू नये, कारण उगवण्यास त्याला उजेड हवा असतो. वरून पाणी ओतल्यास बी वाहून जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. एक-दोन आठवड्यांत मातीवर हिरवी लव दिसू लागते.

येथून पुढे दोन कठोर कामे असतात. पहिले विरळणीचे. रोपे दाट राहिली तर हवा खेळत नाही आणि ती बुडाशी कुजून माना टाकतात. म्हणून काही उपटावी लागतात. दुसरे काम खुडणीचे. उरलेल्या रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की त्याचा शेंडा खुडावा. फुले थोडी उशिरा येतात, पण बाजूने फांद्या फुटून झाड भरदार होते.

दोन्ही कामांत इजा आहे. परंतु ती एकसारखी नाही. खुडणीत जे रोप सोसते, त्यालाच फांद्या फुटतात. विरळणीत एक रोप जाते आणि जागा दुसऱ्याला मिळते. आपण माणसे पुष्कळदा विरळणी करतो आणि तिला खुडणी म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी मुलांकडून पाठांतर करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. एक मुलगा अडखळत बोले. मी त्याला वगळले आणि वर म्हणालो, "तुझ्या भल्यासाठीच रे, लोक उगाच हसतील." तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही आला नाही. त्या वगळण्याने त्याचे कोणते भले झाले? भले झाले ते कार्यक्रमाचे, आणि खरे सांगायचे तर माझ्या नावाचे.

मग विरळणी करूच नये काय? कुंडी लहान आहे, हे खोटे नाही. परंतु उपटलेले रोप टाकलेच पाहिजे असे कोठे आहे? काडीच्या टोकाने मुळासकट अलगद उचलून ते दुसरीकडे लावता येते. त्याला हवी वीतभर जागा आणि आपले थोडे श्रम. शिवाय पारख करण्यातही आपण चुकतो. लालसर देठाची रोपे बहुधा गडद फुले देतात, फिकट हिरव्या देठाची पांढरी किंवा पिवळी. फिकट म्हणून जे आपण अशक्त समजतो, तो पुष्कळदा केवळ निराळा रंग असतो.

तेव्हा शब्बाथशाळेत किंवा घरी एखाद्या मुलाला मागे ठेवण्याची वेळ आली, तर आधी स्वतःस विचारावे: याने जे सोसावयाचे, त्याचा लाभ यालाच मिळणार आहे काय? उत्तर 'नाही' असेल, तर निदान त्याच्या भल्याचे नाव घेऊ नये. जागा आमच्याकडे कमी आहे, दोष तुझा नाही, असे त्यास सरळ सांगावे आणि दुसरी कुंडी शोधावयास निघावे.

मी त्या मुलाला तसे सांगितले नाही. रोप पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते.